कर्नलसाहेबांची टायपिस्ट

यागोदा विदाक ही माझी सख्खी मावशी नव्हे. तिच्या आणि आमच्या अंगणांच्या मधे एक लाकडी कुंपण होतं आणि मला बोलता यायला लागल्यापासून मी तिला मावशी म्हणतो, नातं म्हणाल तर एवढंच. उंच, हाडकुळी बाई. चष्म्याला दोरी बांधलेली आणि जिभेला मुळीच न बांधलेली. लग्न तिनं केलं नाही. "ग्राबोवातले निम्मे पुरुष मूर्ख आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची लग्नं झालीत," असं ती माझ्या आईला म्हणायची. आई माझ्या बापाकडे बघत म्हणायची, "काही जण दोन्हीकडे बसतात."

फर्निचरच्या कारखान्यात ती टायपिस्ट होती. फोनवर कुणाशी तरी भांडत, मशीनकडे न बघता ती पानच्या पान बडवून काढायची आणि पानात एक चूक सापडायची नाही. निदान तिचं तसं म्हणणं होतं. तिला आयुष्यात गर्व कशाचा असेल तर तेवढाच.

आमचा रस्ता सरमिसळ वस्तीचा होता. काही घरं चर्चकडची, काही मशिदीकडची. मावशीच्या पलीकडच्या घरात रिफेत राहायचा, गाडी शिकवणारा. अर्धं गाव त्याच्याकडे गाडी शिकलं, मीसुद्धा. माणूस इतका शांत, की मी त्याची गाडी दुधाच्या टाकीवर घातली तेव्हा तो फक्त "आता रिव्हर्स शिकू," म्हणाला. त्याची बायको शेफिका आणि यागोदामावशी रोज सकाळी एकत्र कॉफी प्यायच्या. अकरा वर्षं, एकही दिवस न चुकता.

त्र्याण्णवच्या वसंतात चर्चकडच्यांनी मशिदीकडच्यांवर बंदुका रोखल्या. कारणं तेव्हा पुष्कळ सांगितली जायची. आज मला त्यातलं एकही धड आठवत नाही, आणि ज्यांना आठवतात त्यांच्या टेबलावर मी बसत नाही.

आमच्या गावात एक ब्रिगेड उभी राहिली आणि तिचा कमांडर झाला विटोमिर श्कारिच. हा आमच्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक. शाळेच्या फाटकात कात्री घेऊन उभा राहायचा आणि केस वाढवलेल्या पोरांचे कान धरून तिथल्या तिथे केस कापायचा. खिशात कायम लाल पेन. हॉटेलचं मेनूकार्डसुद्धा तो दुरुस्त करून परत द्यायचा. राखीव दलात तो कधीकाळी कॅप्टन होता. मार्चमध्ये कॅप्टनचा मेजर झाला, जूनमध्ये मेजरचा कर्नल. कुणी केला, कुठल्या कागदावर, ते कुणी विचारलं नाही. शिंप्यानं खांद्यावर पट्ट्या शिवल्या आणि आम्ही सलाम ठोकायला लागलो. गाढवाला खोगीर घातलं तर निदान गाढवाला लाज वाटते. ह्याला आरसा लागायचा.

मुख्यालय त्यानं शाळेतच ठेवलं, मुख्याध्यापकाच्या खोलीत, त्याच खुर्चीत. यागोदामावशीला कारखान्यातून मशीनसकट उचलून आणलं. मी बावीस वर्षांचा होतो, मला फाटकावर पहारा दिला.

मावशीचं काम म्हणजे मुख्यतः शिक्षेचे आदेश टाईप करणं. आघाडीवर काय चाललंय याची साहेबाला फारशी फिकीर नव्हती, पण बटणांची होती. गळ्याचं बटण उघडं, तीन दिवस. झेंड्याजवळ सिगारेट, पाच दिवस. सलाम करताना कोपर वाकलं, दोन दिवस. तो खोलीत येरझाऱ्या घालत आदेश सांगायचा, स्वल्पविरामासकट. "आदेश, दोन टिंबं, सदर शिपाई, स्वल्पविराम..." मावशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्याची नक्कल करायची आणि माझी आई हसून हसून डोळे पुसायची.

ऑगस्टमध्ये माझी पाळी आली. शाळेच्या मागं आलुबुखाराचं झाड होतं. पहाऱ्यावर उभा राहून कंटाळलो आणि चार फळं तोंडात टाकली. मागून आवाज आला.

"तोंडात काय आहे?"

"आलुबुखार, साहेब."

"गिळू नका. पुरावा आहे तो."

मला तसंच, फुगलेल्या गालांनी, ऑफिसात नेलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि चेहरा दगडासारखा करून मशीनमध्ये कागद घातला.

"किती खाल्लीत?" साहेब म्हणाला.

"चार."

"पाच. झाडाखाली मी बिया मोजल्या आहेत. विदाकबाई, लिहा. आदेश, दोन टिंबं." मग माझ्याकडे वळून, "आज फळ, उद्या बंदूक, परवा देश. चोरी ही अशीच सुरू होते, तरुण माणसा. माझ्या ब्रिगेडमध्ये माझ्या नकळत झाडाचं पान हलत नाही, हे लक्षात ठेवा."

सात दिवसांची कोठडी. मावशीनं आदेशाची प्रत माझ्यापुढे सरकवली. "इथं सही कर," ती म्हणाली, आणि खालच्या आवाजात, "आणि तोंड पूस, माठ्या."

कोठडी म्हणजे रसायनशास्त्राची सामान ठेवायची खोली, मुख्याध्यापकाच्या खोलीच्या बरोबर खाली. तिची खिडकी आणि वरची साहेबाची खिडकी एकाच दिशेला उघडायच्या. समोर, दगड फेकला तर पडेल इतक्या अंतरावर, शेतकी सहकारी संस्थेचं गोदाम होतं. मशिदीकडच्या साठ-सत्तर पुरुषांना तिथं कोंडलं होतं. त्यात रिफेतही होता.

तिथल्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या योझो बाराच. युद्धाआधी हा हॉटेलांच्या दारात उभा राहून दारुड्यांना बाहेर फेकायचा. आता त्याला आत फेकायचं काम मिळालं होतं. सात दिवस मी भरदुपारी त्या गोदामातले आवाज ऐकले. एक आवाज माझ्या ओळखीचा होता. त्या आवाजानं मला क्लच कधी सोडायचा ते शिकवलं होतं. मी काय केलं? कोट डोक्यावर ओढून घेतला. वरच्या खोलीत साहेबाचे बूट इकडून तिकडे फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे. एकदा वरची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. उकाडा मरणाचा होता, तरी बंद झाली.

त्याच आठवड्यात शेफिका मुख्यालयात आली. ही हकिगत मला मावशीनंच सांगितली, तीही कितीतरी वर्षांनी. फाटकावरच्या पोरांनी शेफिकाला अडवलं. मावशी खाली धावत गेली आणि तिला हाताला धरून वर घेऊन आली. शेफिकाच्या हातात वहीचं पान होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं.

"यागोदा, हे तुझ्या साहेबाला दे," ती म्हणाली. "रिफेतच्या बरगड्या मोडल्यात. काल त्याला दोघांनी धरून आणलं तेव्हा मी तारेबाहेरून बघितलं. तो मरेल गं."

"पेन्सिलीचं तो वाचणार नाही," मावशी म्हणाली. "बैस. मी टाईप करते."

तिनं टाईप केलं. 'माझा नवरा गोदामात कोंडलेला आहे. पहारेकरी त्याला रोज छळतात. कृपा करून थांबवा.' आणखी चार ओळी. शेफिकानं सही केली. मावशी आत गेली आणि कागद साहेबापुढे ठेवला.

त्यानं चष्मा लावला. वाचला. खिशातलं लाल पेन काढलं. मावशीला वाटलं, काहीतरी शेरा मारतोय, चौकशी करा वगैरे. त्यानं एका शब्दाखाली रेघ ओढली, एक अक्षर सुधारलं, डावीकडचा समास बोटानं मापला.

"विदाकबाई, हा कागद अशा अवस्थेत माझ्यापुढे येऊ शकत नाही. पुन्हा टाईप करा."

"साहेब, त्या माणसाला..."

"पुन्हा टाईप करा."

मावशीनं पुन्हा टाईप केलं. तो म्हणाला, "आता ठीक." आणि कागद खणात ठेवला. खण बंद केला. मग तो जेवायला गेला. त्या दिवशी वाटाण्याचं सूप होतं, मावशीला हे नक्की आठवतं, कारण तीही जेवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी रिफेत गेला. त्या उन्हाळ्यात गोदामातून अकरा माणसं अशी गेली. शेफिकाला दोन मुलींसह बसमध्ये घालून पाठवून दिलं. जाताना ती मावशीच्या दाराकडे न बघता पुढं गेली.

"मी दारात उभी होते," मावशी मला म्हणाली. "ती बघेल म्हणून नाही. ती बघणार नाही हे मला माहीत होतं. तेवढं तरी अंगावर घ्यावं म्हणून उभी होते."

युद्ध संपत आलं तेव्हा श्कारिचनं मुख्यालयातले सगळे कागद जाळायचा हुकूम दिला. शाळेच्या बॉयलरमध्ये मावशीनं तीन दिवस कागद घातले. शेफिकाचा अर्जही त्यातच गेला. शिक्षेच्या आदेशांच्या प्रती मात्र तिनं पिशवीत घालून घरी आणल्या. देशासाठी नव्हे, न्यायासाठी नव्हे. कागद जाडजूड होता, एका बाजूनं कोरा होता, आणि दुकानात तेव्हा मीठसुद्धा मिळत नव्हतं. तिच्या कोठीच्या खोलीतल्या फळ्यांवर तिनं ते अंथरले आणि वर भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या मांडल्या. दर शरद ऋतूत बरण्या बदलायच्या. कागद तेच.

श्कारिच पुन्हा मुख्याध्यापक झाला. मग माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष. दर वर्षी भाषण. आमचं गाव भाषणाला जायचं, टाळ्या वाजवायचं आणि घरी जाऊन भाजलेलं मेंढीचं मांस खायचं. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं वाजवल्या, मग पाठदुखीचं निमित्त सांगून जाणं बंद केलं. पाठ ठणठणीत होती.

सतरा वर्षांनी त्याला पकडलं. साराएव्होच्या कोर्टात खटला उभा राहिला. गावात खळबळ. "साहेबांनी माशी तरी मारली का?" असं जो तो विचारायला लागला. त्यानं माशी मारली नव्हती, हे खरंच होतं.

तपास करणारी बाई आमच्या रस्त्यावर आली. तरुण होती, साधा काळा कोट, बोलणं अगदी मोजकं. आधी माझ्या घरी आली.

"तुम्ही ऑगस्टमध्ये सात दिवस कोठडीत होता. ती खोली साहेबांच्या खोलीच्या खाली होती. तुम्ही काय ऐकलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

"सात दिवस?"

"मला झोप फार."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. जमिनीवर पडलेल्या ओल्या पोत्याकडे माणूस जसा बघतो, तसं बघितलं, आणि वही मिटली. माझी टाईल्स बसवायची कामं या गावातच होती, बायको इथल्या शाळेत होती, ही माझी कारणं. ज्याला हवी त्यानं घ्यावी.

मग ती मावशीकडे गेली. मी कुंपणापाशी टोमॅटोला पाणी घालत उभा राहिलो. त्या टोमॅटोंना इतकं पाणी कधी मिळालं नव्हतं.

"त्यानं कुणावर हात उचलला नाही," मावशी म्हणत होती. "हे मी आधीच सांगते. मग मला कशाला नेताय?"

"त्यानं मारलं असं आमचं म्हणणंच नाही," ती बाई म्हणाली. "मारणारे त्याच्या हाताखालचे होते का, त्याला कळलं होतं का, आणि कळल्यावर त्यानं त्यांना थांबवलं का, शिक्षा केली का, एवढंच कोर्टाला बघायचंय. हाताखालच्या माणसांचा गुन्हा कमांडरच्या गळ्यात पडतो तो असा. तो म्हणतो, गोदामातले लोक माझे नव्हतेच. स्वतःच आलेले स्वयंसेवक होते. माझं कुणी ऐकत नव्हतं."

"असं म्हणतो?"

"कालच बोलला टीव्हीवर. तुम्ही नाही बघितलं? म्हणाला, मी असहाय होतो."

मावशीनं दार सताड उघडलं.

"असहाय," ती म्हणाली. "आत या बाई. बरण्या खाली उतरवायला मला हात द्या."

अर्ध्या तासानं त्या तपासणाऱ्या बाईचा काळा कोट कोपरापर्यंत तेलकट झाला होता आणि मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मला खिडकीतून दिसत होतं, एकशे चाळीस आदेश पसरलेले होते. उघडी बटणं, वाकडी कोपरं, माझे आलुबुखार. आणि एका पानावर, बरणीच्या गोल लाल डागाखाली: 'गोदामाच्या पहाऱ्याचा प्रमुख योझो बाराच, मुख्यालयाच्या जिन्यावर चिखलाचे बूट घालून चढल्याबद्दल, तीन दिवसांची कोठडी. शिक्षा भोगली.' खाली श्कारिचची सही, शेपटी लांब ओढलेली.

"तीन दिवस त्यानं भोगले?" बाईनं विचारलं.

"भोगले तर. मांजरासारखा मुकाट आत गेला. आधी माझी माफीही मागितली, जिना मी पुसला होता म्हणून." मावशीनं कागद बोटानं टोकरला. "चिखलाबद्दल तीन दिवस. ह्या बैलाला तो जिन्यावरून खाली उतरवू शकत होता, पण गोदामातून नाही, असं म्हणणं आहे त्याचं?"

ती साक्ष देणार ही बातमी दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात पोचली. दुकानदारीण म्हणाली, "यागोदा, पाव संपले." मागं फळीवर दहा पाव दिसत होते.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "तुझे दगडासारखे पाव पचवायला सैन्यातच असावं लागतं."

कुणी तिच्या फाटकावर डांबर फासलं. तिनं ते तसंच ठेवलं. "लाकूड टिकतं त्यानं," म्हणाली. माझ्या बायकोनं तिच्याशी बोलणं सोडलं नाही, एवढं मी बायकोच्या बाजूनं सांगेन. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच, की मी तिला गाडीनं साराएव्होला घेऊन गेलो. तेही गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावरून, कुणी बघू नये म्हणून. ती तिथपर्यंत चालत आली.

"साक्षीला येत नाहीस, पण ड्रायव्हर म्हणून येतोस," गाडीत बसत ती म्हणाली.

"मावशी, तू समजून घे..."

"समजलंय. गाडी चालव."

कोर्टात मी प्रेक्षकांच्या बाकावर मागं बसलो. पहिल्या रांगेत शेफिका होती, केस पांढरे झालेले, दोन्ही मुली दोन बाजूंना. श्कारिच आरोपीच्या जागेवर, इस्त्रीचा कोट, समोर कागदांची नीट चळत. म्हातारा झाला होता, पण मान अजून फाटकात उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापकाची.

त्याच्या वकिलानं आदेशांचा गठ्ठा दोन बोटांत धरला. "या कागदांना मिरच्यांचा वास येतोय."

"सतरा वर्षं मिरच्यांखाली होते," मावशी म्हणाली. "तुमच्या अशिलाखाली असते तर जळले असते."

न्यायाधीशांनी तिला समज दिली. ती म्हणाली, "बरं."

मग अर्जाची गोष्ट निघाली. मावशीनं सगळं सांगितलं. शेफिका कशी आली, कागदावर काय होतं, लाल पेन. वकिलानं विचारलं, "तो अर्ज कुठे आहे?"

"जाळला. ह्यांच्या हुकमावरून."

"म्हणजे आता फक्त तुमचा शब्द. कोणत्या शब्दाखाली रेघ मारली म्हणता?"

मावशीनं डोळे मिटले. "गोदाम. गोदाम या शब्दाखाली."

"नक्की?"

"मला तसं आठवतं."

वकील समाधानानं खाली बसला. आठवणीवर संशय घ्यायला त्याला जागा मिळाली होती. पण आमच्याकडे आरोपीला स्वतःही साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, आणि श्कारिच उभा राहिला. वकिलानं त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली.

आता एक सांगायला हवं. आमच्या लिपीत च दोन आहेत, एक कडक आणि एक मऊ, आणि तुमच्या भाषेत च नसलेल्या कितीतरी शब्दांत आमच्याकडे तो येतो. निम्म्या देशाला त्यांतला फरक कळत नाही आणि उरलेल्यांना त्यानं काही फरक पडत नाही. श्कारिचला पडायचा. त्या दोन अक्षरांपायी त्यानं चाळीस वर्षं पोरं नापास केली होती.

"विदाकबाई," तो म्हणाला, अगदी वर्गातल्या आवाजात, "तुमचं शुद्धलेखन पहिल्यापासून कच्चं. आता स्मरणशक्तीही गेलेली दिसते. तुम्ही शपथेवर सांगता की मी 'गोदाम' या शब्दाखाली रेघ मारली. साफ चूक. 'गोदाम' तुम्ही बरोबर लिहिला होता. चूक 'छळतात' या शब्दात होती. तिथं तुम्ही मऊ च टाईप केला होता, कडक हवा होता. आणि समास वाकडा होता."

वकिलानं कपाळ तळहातात धरलं.

न्यायाधीश सावकाश म्हणाले, "आरोपी, म्हणजे तो अर्ज तुम्ही वाचला होता."

श्कारिच पहिल्यांदाच खाली, आपल्या नीट चळतीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मी तो भाषेच्या दृष्टीनं वाचला होता."

पहिल्या रांगेतून एकदाच हसण्याचा आवाज आला. शेफिका होती. पुढच्याच क्षणी मुलीनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

माझ्या साक्षीची आता कुणाला गरज नव्हती. खिडकी, बूट, तो आवाज, सगळं माझ्यापाशीच राहिलं. आणि मला हायसं वाटलं. श्कारिचबद्दल मला जी किळस आहे ती खरी आहे, पण त्या हायसं वाटण्याबद्दलही थोडी शिल्लक ठेवली आहे.

परतताना मी मावशीला विचारलं, "तू मुद्दाम चुकीचा शब्द सांगितलास ना? त्याला फसवायला?"

"मी?" ती चिडली. "मला खरंच गोदाम आठवत होतं. मी खोटी पडले असते, मारिंको. त्या हलकटानं मला वाचवलं." तिनं खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाली, "आणि छळतात हा शब्द मीच चुकवला होता, हे त्याच्या तोंडून ऐकायचं नशिबात होतं. पानात एक चूक नसते म्हणे माझ्या."

श्कारिचला आठ वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्रात लिहिलं होतं की पहारेकरी त्याच्या हुकमतीत होते, त्याला कळलं होतं, आणि त्यानं ना थांबवलं ना शिक्षा केली. चिखलाच्या बुटांचा आदेश त्यात शब्दशः होता. योझो बाराचला वेगळ्या खटल्यात चौदा वर्षं झाली. त्यानं निदान नाकारलं नाही. "मला सांगितलं असतं तर थांबलो असतो," असं तो कोर्टात म्हणाला. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवायला आवडतही नाही.

दोन तृतीयांश शिक्षा भोगून श्कारिच सुटला. ग्राबोवात बँड लावून त्याचं स्वागत झालं. पोरींनी फुलं दिली. नगराध्यक्षानं त्याचे हात धरून "तुम्ही आमच्यासाठी सोसलंत," म्हटलं. काय सोसलं? तीन वेळचं जेवण आणि पुस्तकं. कॅफेच्या बाहेरचे सगळे उभे राहिले. यागोदामावशी कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी पीत होती. ती बसून राहिली.

तो तिच्या टेबलापाशी थांबला. बँड थांबला.

"विदाकबाई," तो म्हणाला, "मी तुम्हाला माफ केलं आहे."

तिनं चष्मा वर सरकवला. "साहेब, तुम्ही माझं ऊन अडवून उभे आहात."

तो निघून गेला. बँड पुन्हा वाजायला लागला, बेसूर.

शेफिका गावात राहायला परत आली नाही. पण दर ऑगस्टमध्ये ती आणि इतर दहा घरांतल्या बायका येतात. गोदामाचं आता टायरचं दुकान झालंय. भिंतीवर अकरा नावांची पाटी लावू द्या असा त्यांचा अर्ज नगरपालिकेत पडून आहे. म्हणून त्या नावं लिहिलेले कागद हातात धरून तासभर तिथं उभ्या राहतात आणि जातात.

निकालानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये मावशी तिथं गेली. मी गाडी धुतोय असं दाखवत फाटकातून बघत होतो. मग स्वतःचीच लाज वाटली आणि मागोमाग गेलो.

शेफिकानं तिला बघितलं. दोघींत दहा पावलांचं अंतर होतं.

"काय हवंय तुला?" शेफिका म्हणाली.

"काही नाही. उभी राहीन म्हणते."

"मी आभार मानणार नाही, यागोदा."

"मानूही नकोस."

"तू टाईप केलंस, मग जेवायला गेलीस. कोर्टात तूच सांगितलंस."

"गेले."

शेफिकानं हातानं रस्त्याच्या पलीकडे दाखवलं, विजेच्या खांबापाशी. "तिथं उभी राहा. आमच्यात नाही."

मावशी रस्ता ओलांडून खांबापाशी गेली आणि तिथं उभी राहिली. एकसष्ट वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, ऊन तापलेलं होतं. मी काय करावं ते न सुचून तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खिशातून हात काढ."

तेव्हापासून दर वर्षी आम्ही दोघं तिथं उभे असतो. शेफिकानं अजून रस्त्याच्या तिच्या बाजूला बोलावलेलं नाही. मावशी म्हणते, तिनं बोलावलं तरी आपण जाणार नाही.